बर्निसची सहा अंडी

वेंडेल कोपेकी खोटं बोलणाऱ्यांतला माणूस नव्हता. शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावणाऱ्याला ते परवडतच नाही. बस वेळेवर आली असं म्हणून ती वेळेवर येत नाही, आणि पोरांच्या आया फोन करून ते लगेच कळवतात. तरीही त्या उन्हाळ्यात त्याच्यावर अशी वेळ आली की तळघरातल्या एकाच गोष्टीबद्दल त्याला दोन ठिकाणी दोन उलट गोष्टी पटवून द्यायच्या होत्या. बायकोला पटवायचं होतं की साप पाळणं हा धंदा आहे. आणि वसाहतीच्या कमिटीला पटवायचं होतं की छे, छे, ही निव्वळ हौस आहे. यातलं एक जरी दुसऱ्या कानावर गेलं असतं, तर बर्निसला घर सोडावं लागलं असतं.

बर्निस म्हणजे त्याची अजगरीण. अजगरीण म्हटल्यावर डोळे मोठे करायचं कारण नाही. जेमतेम चार-साडेचार फूट लांब, मनगटाएवढी जाड, चॉकलेटी अंगावर सोनेरी डाग, आणि स्वभावाने इतकी भित्री की वरच्या मजल्यावर कोणी शिंकलं तरी डोकं अंगाखाली घालून चेंडू होऊन बसायची. ऑफिसातल्या एकाची मुलगी कॉलेजला गेली आणि जाताना हा जीव मागे ठेवून गेली, तो वेंडेलने घरी आणला. नाव त्याच्या आत्याचं ठेवलं. ती आत्याही पाहुणे आले की अशीच स्वयंपाकघरात गडप व्हायची.

खरं सांगायचं तर वेंडेलला धंदा-बिंदा काही सुचलेलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी तोंडात बोट घालून बघावंसं वाटलं होतं, एवढंच. हात नाहीत, पाय नाहीत, पापण्यासुद्धा नाहीत, आणि तरी ती कशी चालते! अंगाचा एक भाग आधी निघतो, दुसरा त्याची वाट बघत थांबतो, आणि मग सगळी बर्निस एकदम तेलासारखी पुढे सरकते. कामावरून आला की वेंडेल तळघरात उतरायचा आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून हे बघत राहायचा. जेवायला तीन हाका मारल्याशिवाय तो वर यायचा नाही.

घोडं अडलं ते तळघरावरून. ती खोली त्याची बायको ट्रूडी हिच्या गोधड्यांसाठी ठरलेली होती. मुलं शिकून बाहेर पडली की तिथे गोधडी शिवायचं मोठं मशीन आणायचं, हा बेत मुलं शाळेत होती तेव्हापासूनचा. ट्रूडी दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. दाढ काढून घ्यायला लोकांना राजी करणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे कोण वेळ मारून नेतंय हे तिला आवाजावरून कळायचं.

"खाली काय येणार असं ठरलं होतं, वेंडेल?"

"मशीन."

"आणि काय आलं?"

वेंडेलने डोकं खाजवलं. आणि तिथेच, कसलाही पूर्वविचार न करता, त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याने पुढचा सगळा उन्हाळा खाल्ला.

"अगं, तीच तर तुला मशीन घेऊन देणार आहे!"

मग त्याने रेटून सांगितलं. सापांचे बाजार भरतात. तिथे रंगीत पिल्लांना भलताच भाव येतो. अंगावर पांढरे पट्टे असलेलं एक पिल्लू म्हणजे मशीनचा पाव हिस्सा. चार पिल्लं झाली की मशीन दारात. ट्रूडीने हे सगळं दवाखान्यात ऐकतात तसं ऐकून घेतलं.

"एक खेप," ती म्हणाली. "एका खेपेत मशीन आलं नाही, तर तुझी बर्निस जाणार."

"कुठे जाणार?"

"ते तुझं तू बघ."

आता धंदा करायचा म्हणजे सल्ला हवा, आणि सल्ला कुंपणापलीकडेच राहत होता. गॅरी व्हॅंडरप्लूग ओट्सच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून प्राण्यांवर श्रीमंत व्हायचा प्रयत्न करत होता. फरसाठी पाळतात ते चिंचिला झाले, गांडुळं झाली, दोन इमूसुद्धा झाले. त्यातला एक इमू अजून कुठेतरी मक्याच्या शेतात आहे असं म्हणतात.

"प्राण्यांत नफा नसतो असं नाही रे," गॅरी कुंपणावर कोपर टेकून म्हणाला. "नफा असतो. तो आपल्याला विकणाऱ्याला होतो. पण सापांचं वेगळं आहे. साप उडत नाही, ओरडत नाही, कुंपण मोडत नाही. मला आधी सुचलं असतं तर!"

तेव्हा दोघं मिळून आयोवाच्या राजधानीत, डे मॉईनला, सापांच्या बाजारात गेले. एका मोठ्या मांडवात टेबलंच टेबलं, आणि टेबलांवर कोशिंबिरीसाठी मिळतात तसे पारदर्शक डबे, प्रत्येक डब्यात एकेक पिल्लू. पिवळी, केशरी, राखाडी, पांढरी. वेंडेल हरखूनच गेला. देवाने ही जनावरं फुरसतीत बसून रंगवली असावीत, असं तो गॅरीला दोनदा म्हणाला. पांढऱ्या पट्ट्यांच्या नराची किंमत ऐकून मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या टेबलावर छातीभर दाढी असलेल्या एका विक्रेत्याकडे साधासुधा चॉकलेटी नर होता.

"ह्याच्यात पांढरा रंग लपलेला आहे," दाढीवाला म्हणाला.

"दिसत नाही पण."

"लपलेला आहे म्हटल्यावर दिसेल कसा?"

या युक्तिवादापुढे वेंडेलने पाकीट उघडलं आणि नर घेतला. शिवाय माणूस सरळ वाटला. त्यानेच त्याला धंद्यातली एक रीतही शिकवली. पिल्लं झाली की सगळ्यात भारी पिल्लू विकायचं नाही. त्याच्या डब्यावर चिकटपट्टी लावायची, पट्टीवर लिहायचं 'राखीव', आणि मग प्रत्यक्ष राज्यपाल दारात आला तरी तो डबा उघडायचा नाही. वेंडेलला ही रीत फार आवडली. अंडी तर सोडाच, नर अजून गाडीत होता. पण घरी आल्याबरोबर त्याने पट्टीवर ठळक अक्षरात 'राखीव' लिहून ठेवलं. ट्रूडीचा सहलीचा आइसबॉक्स होता, त्यात ऊब देणारी तार बसवून त्याने अंडी उबवायची पेटी केली होती, तिच्या झाकणावर ती पट्टी एका टोकाने चिकटवून ठेवली. पहिल्या पांढऱ्या पिल्लासाठी.

थंडी सरता सरता नर-मादीचं जमलं, आणि वसंतात एका सकाळी वेंडेल खाली गेला तो पायरीवरच थबकला. बर्निसने अंगाची चुंबळ केली होती, आणि त्या चुंबळीच्या आत, एकमेकांना चिकटलेली, लांबट, दुधी पांढरी अशी सहा अंडी. डोकं तिने वर ठेवलं होतं, झाकणासारखं. एरवी शिंकेला घाबरणारी ही बाई वेंडेलकडे रोखून बघत होती, आणि जागची हलत नव्हती.

"ट्रूडी," त्याने वर हाक मारली. "ट्रूडी, अगं, खाली ये."

ट्रूडी पिठाच्या हातांनी खाली आली आणि पायरीवर बसली.

"ही आता खाणार काय?" तिने विचारलं.

"काही नाही. अंड्यांवर असेपर्यंत खात नाहीत."

"दोन महिने?"

"दोन महिने."

"हं," ट्रूडी म्हणाली आणि वर गेली.

संध्याकाळी मात्र भांडण झालं. पैदास करणाऱ्यांची पद्धत अशी की अंडी मादीखालून काढून पेटीत ठेवायची, आणि मादीला कोमट पाण्याने, जरा साबण लावून, अंघोळ घालायची. अंड्यांचा वास गेला की ती विसरते आणि खायला लागते. वेंडेलने अंडी जशी होती तशीच, एकही न फिरवता, डब्यात घेतली, वरची बाजू कळावी म्हणून पेन्सिलीच्या खुणा केल्या, आणि बर्निसला घेऊन मोरीत बसला. दारात ट्रूडी उभी.

"हे काय चाललंय?"

"ती विसरावी म्हणून."

"साबणाने?"

"तशी पद्धत आहे."

"मला दोन पोरं झाली, वेंडेल. कुठल्या साबणाने मी विसरले असते, तेवढं मला सांग."

वेंडेलने बर्निसला पुसून तिच्या खोक्यात ठेवलं आणि उंदीर दिला. बर्निसने उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. ट्रूडी त्यानंतर मशीनबद्दल क्वचितच बोलायची; पण रोज कामावरून आली की पर्स ठेवायच्या आधी विचारायची, "खाल्लं का तिने?" आणि वेंडेल नाही म्हणून मान हलवायचा.

इकडे गॅरीने आपलं काम चोख केलं होतं. वसाहतीच्या सहभोजनात, प्रत्येकाने एकेक भांडं आणलेलं असताना आणि सगळ्यांची तोंडं भरलेली असताना, त्याने मोठ्या कौतुकाने जाहीर केलं, "आपला वेंडेल सापांवर गोधडीचं मशीन काढणार आहे!"

कमिटीच्या अध्यक्षा मार्लिस थॉर्सगार्ड यांनी काटा खाली ठेवला.

"साप," त्या म्हणाल्या. "बरं. ते वेगळं आहे."

परक्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आयोवाच्या त्या भागात वाईटाला वाईट म्हणण्याची रीत नाही. तिथे 'वेगळं आहे' म्हणतात, आणि एवढं म्हटलं की फाशीची शिक्षा झाली असं समजायचं. मार्लिसबाईंनी हे पूर्वी एकदाच म्हटलं होतं, जांभळ्या रंगाच्या एका गॅरेजच्या दरवाजाला. आठवड्याच्या आत तो दरवाजा पांढरा झाला, आणि पुढे त्या माणसाने घरच विकलं. वेंडेलचं धाबं दणाणलं.

नियम साधा होता. घरात प्राणी पाळायला हरकत नाही. धंद्यासाठी पैदास करायला आहे. शिवाय प्राणी धोकादायक नाही असा नगरपालिकेचा दाखला हवा. वेंडेल दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेला. तिथल्या माणसाने पुस्तक चाळून सांगितलं की सहा फुटांच्या आतला साप धोकादायक नाही, सहा फुटांच्या वरचा आहे, आणि माप घ्यायला मी स्वतः येईन. आला. येऊन फाटकापाशी उभा राहिला आणि मोजपट्टी वेंडेलच्या हातात दिली.

"तुम्ही मोजा, मी लिहून घेतो."

"इथून तुम्हाला दिसेल?"

"माझा तुमच्यावर विश्वास आहे."

साप मोजून बघितल्याशिवाय कळत नाही की साप मोजता येत नाही. डोक्याकडून सरळ करावा तर शेपटी गुंडाळते, शेपटी धरावी तर डोकं मागे येऊन आपण काय करतोय ते बघतं. पहिल्या खेपेला बर्निस तीन फूट भरली, दुसऱ्या खेपेला वेंडेलच्या मनगटासकट साडेपाच. फाटकातून सूचना येत होत्या, "थोडी ताणा!" "ताणता येत नाही हो, ती काय नाडी आहे?" शेवटी तिच्या अंगावरून लोकरीचा धागा फिरवून धागा मोजला, तेव्हा कुठे दाखला मिळाला. त्यात प्राण्याचा प्रकार म्हणून 'इतर' असं लिहिलं होतं. बर्निसचा हा अपमान वेंडेलच्या मनाला लागला, पण तो मूग गिळून बसला.

खरा दणका बसला तो सर्पमित्रांच्या क्लबात. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात ही मंडळी जमायची. वेंडेलने अभिमानाने सांगितलं की नरात पांढरा रंग लपलेला आहे, सहा अंडी आहेत, म्हणजे निदान तीन पांढरी.

"आणि मादी?" लुअ‍ॅन नावाच्या एका बाईंनी विचारलं. त्या बाजारात लोणची विकायच्या आणि घरी चाळीस साप पाळायच्या.

"मादी काय?"

"मादीतही लपलेला आहे ना?"

एकाने, प्रेतयात्रा दिसल्यावर काढतात तशी, टोपी काढली.

"दोघांतही लपलेला लागतो हो," लुअ‍ॅनबाई हळूच म्हणाल्या. "एकट्या नराने काय होणार? सगळी आईसारखी होतील. चॉकलेटी." मग त्याचा चेहरा बघून त्यांनी पुढे जोडलं, "चॉकलेटी पण गोड असतात. कोणी फुकट घेत नाही, पण गोड असतात."

गाडीत बसल्यावर वेंडेलच्या ध्यानात एक गोष्ट आली. गंमत बघा. कमिटीपुढे नफा होणार नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे आता जगातला सगळ्यात भक्कम पुरावा होता. पण तो उच्चारायची सोय नव्हती, कारण कमिटी तपासणीला येणार ती घरीच, आणि घरी ट्रूडी होती. ट्रूडीसमोर सांगावं तर बर्निस गेली. कमिटीसमोर न सांगावं तर बर्निस गेली. घरी येऊन तो थेट खाली गेला. अंड्यामागे विजेरी धरली की आतल्या लाल शिरा दिसायच्या, झाडाच्या फांद्यांसारख्या, आणि त्यांत मधूनच काहीतरी हलायचं. त्याने सहाही अंडी बघितली. सहाही जिवंत होती. चॉकलेटी असली म्हणून काय झालं, असं त्याला मनापासून वाटलं, आणि असं वाटणारा माणूस धंद्याच्या कामाचा नाही हेही त्याच क्षणी कळलं.

कमिटी जुलैतल्या एका संध्याकाळी आली. म्हणजे मार्लिसबाई आणि खजिनदार ड्वाइट आइकहॉफ. ड्वाइट बियाणं कंपनीची टोपी घालायचा आणि बोलायचा नाही. कमिटीत त्याला त्यासाठीच घेतला होता. मार्लिसबाईंच्या हातात जाड कापडी आवरणात गुंडाळलेलं कॅसरोलचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या एका पदार्थाचं, गरमागरम भांडं होतं. बटाटे, हॅम, भरपूर चीज, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. तिकडे एखाद्याला घराबाहेर काढायला जायचं असलं तरी रिकाम्या हाताने जात नाहीत. बाहेर आभाळ हिरवट झालं होतं आणि एक पान हलत नव्हतं.

"आम्ही खाली येणार नाही," मार्लिसबाई भांडं मांडीवर घेऊनच सोफ्यावर बसल्या. "आमचा एकच प्रश्न आहे. या सापांतून तुम्हाला पैसे मिळणार आहेत का, हो की नाही?"

ट्रूडी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.

"त्याचं असं आहे," वेंडेल म्हणाला. "पैसे म्हणजे, तुम्ही कशाला पैसे म्हणता यावर ते..."

आणि भोंगा झाला.

वादळाचा भोंगा झाला की आयोवातला माणूस आधी ओट्यावर जाऊन ढग बघतो, आणि मग तळघरात जातो. ड्वाइट बाहेर जाऊन ढग बघून आला आणि त्याने नुसतं खाली बोट केलं. तेवढ्यात मागच्या दाराने गॅरी धावत आला. त्याच्या घराला तळघर नव्हतं, ती जागा त्याने गांडुळांसाठी बुजवली होती. मार्लिसबाईंनी जिन्याच्या तोंडाशी क्षणभर दम घेतला. वर वादळ, खाली साप. त्यांनी भांडं छातीशी घट्ट धरलं आणि डोळे मिटून उतरल्या. शेवटची पायरी आली आणि दिवे गेले.

विजेरीच्या उजेडात वेंडेल पेटीकडे धावला. तार गार पडली होती. जुना आइसबॉक्स, त्याचं झाकण आधीच नीट लागत नव्हतं. आतल्या तापमापकाचा काटा खाली यायला लागला होता.

"आज-उद्या फुटायची होती," तो म्हणाला. "आत पिल्लं पूर्ण झालीत. आता गार पडली तर... ट्रूडी, आता काय करू गं?"

वर काहीतरी धाडकन कोसळलं. ट्रूडीने विजेरी घेऊन तिचा झोत मार्लिसबाईंवर टाकला.

"ते भांडं अजून गरम आहे का हो?"

"गरम? ओव्हनमधून काढून थेट इकडे आलेय मी."

"द्या इकडे."

मार्लिसबाईंनी एकवार भांड्याकडे पाहिलं, एकवार ट्रूडीकडे, आणि दिलं. ट्रूडीने कॅसरोल आवरणासकट जमिनीवर ठेवलं, आणि पेटीतला अंड्यांचा डबा काढून त्यावर अलगद ठेवला. बुडाला ऊब झाली, पण वरून गारवा येतच होता. मग तिने वळून बर्निसच्या खोक्याचं झाकण उघडलं. या बाईने बर्निसला आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"तिला आता आठवायचं नाही," वेंडेल म्हणाला. "अंघोळ घातली होती."

"ती विसरलेली नाही, वेंडेल," ट्रूडी म्हणाली. "विसरली असती तर जेवली असती." आणि दोन्ही हात खाली घालून, भाकरी उचलावी तशी तिने बर्निसला उचललं आणि डब्यात ठेवलं.

बर्निस आधी चेंडूच झाली. डोकं आत, सगळं बंद. ड्वाइटने विजेरी धरली होती ती हलत नव्हती. मग चेंडूतून नाक बाहेर आलं. जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली, एका अंड्याला लागली. आणि मग ती सुटली. सावकाश, कुठेही घाई नाही. अंगाचा एक वेढा अंड्यांच्या एका बाजूने गेला, दुसरा दुसऱ्या बाजूने, सहाच्या सहा अंडी मध्ये आली, पेन्सिलीची एक खूणसुद्धा तिने हलवली नाही. चुंबळ पुरी झाली. वर डोकं ठेवलं, आणि विजेरीपलीकडच्या पाच माणसांकडे रोखून बघत ती थांबली.

वारा घराला धरून हलवत होता. वेंडेलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. दोन महिने त्याने पुस्तकं वाचली, काटे लावले, तारा जोडल्या, आणि जे करायचं होतं ते हिला सगळं येत होतं. ड्वाइटने टोपी काढून हातात घेतली.

"हे," मार्लिसबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "हे वेगळं आहे."

वेंडेलने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. मार्लिसबाई उंची स्कर्टसकट जमिनीवर बसल्या होत्या, आणि त्यांचा हात नकळत ट्रूडीच्या दंडावर होता.

दिवे आले तरी कोणी उठलं नाही. भोंगा कधी थांबला तेही कळलं नाही. पहिल्यांदा गॅरीला दिसलं. बर्निसच्या दोन वेढ्यांमधून डोकावणाऱ्या अंड्यावर एक बारीक चीर पडली होती, कोणी धारदार पात्याने ओढावी तशी. चिरेतून एक बुडबुडा आला. मग तांदळाएवढं नाक. मग सगळं डोकं, ओलं, चकचकीत, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि दोन डोळे. ते जगाकडे बघत बसलं. बाहेर यायची त्याला काही घाई नव्हती.

"चॉकलेटी," गॅरी म्हणाला. "पांढरा कुठाय?"

ट्रूडीने नवऱ्याकडे पाहिलं. त्या बाईला आवाजावरूनच कळायचं. इथे तर चेहराच समोर होता.

"नाहीये," वेंडेल म्हणाला. "एकही पांढरं निघणार नाही. मादीतही रंग लपलेला लागतो, आणि बर्निसमध्ये काही लपलेलं नाही. मला क्लबात कळलं."

"कधी?"

"महिना झाला."

"आणि गप्प बसलास."

"तू तिला घालवली असतीस."

मार्लिसबाईंनी मान वर केली.

"म्हणजे या पिल्लांचे पैसे मिळणार नाहीत?"

"मार्लिसबाई, ही कोणी फुकटही घेत नाही. यांना जे उंदीर लागतील त्यांचाच खर्च माझ्या अंगावर आहे."

मार्लिसबाईंनी ड्वाइटकडे पाहिलं. ड्वाइटने टोपी डोक्यावर घातली, आणि कमिटीच्या इतिहासात पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"धंदा असा नसतो," तो म्हणाला.

तिथे कमिटीचं काम संपलं. दुसऱ्या अंड्यावरही चीर दिसायला लागली होती. मार्लिसबाई पुढे वाकल्या, पहिल्या पिल्लाशी डोळ्याला डोळा भिडवून बघत राहिल्या, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे एवढं एक, समजा, मला हवं असलं तर काय किंमत पडेल?"

वेंडेलने तोंड उघडलं. गॅरीने त्याच्या पायावर पाय दिला, इतक्या जोरात की तो कळवळला. पण त्याची गरज नव्हती. ट्रूडी उठली होती. आइसबॉक्सपाशी जाऊन तिने झाकणावरची ती पट्टी ओढून काढली, वेंडेलच्या ठळक अक्षरातली. परत आली, गुडघ्यांवर बसली, आणि बर्निस, सहा अंडी आणि ते एक ओलं डोकं असलेल्या त्या डब्यावर तिने पट्टी चिकटवली. वरून अंगठ्याने नीट दाबलीही. राखीव.

"अगं," वेंडेल न राहवून म्हणाला, "ती पट्टी सगळ्यात भारी पिल्लाला लावतात."

"मग?" ट्रूडी म्हणाली. "मी कुणाला लावलीये?"